कुलदीपच्या नावाचा चषक

प्रिय राही,

आजीचे तुला पोटभर आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे दुखतात, पण ते काय आज दुखतात? फोनवर बोलले असते, पण फोनवर तू सारखी म्हणतेस, आजी पटकन सांग, मला आत जायचंय. हे पटकन सांगण्यातलं नाही. शिवाय फोनवर मला रडू आलं की तू हसवतेस आणि मग सांगायचं राहून जातं. म्हणून वालाच्या शेंगा सोलून झाल्या आणि बसले. तिसरीपर्यंतचं शिक्षण माझं, ऱ्हस्व-दीर्घ तू सांभाळून घे.

आधी आनंदाचं. तुझा आवाज ऐकला गं! कोल्हापूरचा रेडिओ इथे कुठला यायला, पण बदरुद्दीनच्या मुआजने त्याच्या फोनवर लावून दिला. मी, बदरुद्दीन आणि त्याची जहुरा असे तिघेही त्याच्या दुकानात पोत्यांवर बसलो होतो. तू म्हणालीस, नमस्कार, मी राही, आणि जहुराने माझ्या मांडीवर अशी थाप मारली की अजून ठणकते. बदरुद्दीन गिऱ्हाईकाला साखर द्यायची सोडून डोळे पुसत होता. भाभी, म्हणाला, हुबेहूब बापाचा श्वास घेते. बोलायच्या आधी नाकातून श्वास घेतेस ना, तसा. गिऱ्हाईक म्हणालं, चाचा, माझी साखर? तर जहुरा त्याच्यावर ओरडली, साखर उद्या ने, आज आमची पोर बोलतेय! सबंध दिवस मी अशी हवेत होते की वाटेत कोंबड्या आडव्या आल्या त्यांच्याशीही बोलले.

तू ज्या खुर्चीत बसलीस, तिथे बसायला तुझा बाबा कुठून कुठून गेला, हे तुला तुकड्या-तुकड्याने ठाऊक आहे. सगळं सलग कुणी सांगितलं नाही. तू लहान होतीस, आणि मग तो राहिला नाही.

तुझा बाबा रेडिओवर गेला तो भाताच्या खाचरातून. आपल्याकडे कापणी झाली, मळणी झाली की शेतं रिकामी होतात आणि पोरं रूळ फिरवून खेळपट्टी करतात, बघितलंयस तू. टेनिसच्या चेंडूचे सामने, मंडप, भोंगा. कुलदीपला खेळता यायचं नाही. धावला की पडायचा. म्हणून त्याच्या हातात माइक दिला, म्हणाले, तू पडलास तरी मंडपातच पडशील. आणि तो बोलायला लागला आणि लोक खेळ सोडून त्याच्याकडे बघायला लागले. चेंडू उंच, उंच, अजून उंच, खाली दोघे धावतायत, दोघांपैकी कोण झेलणार, कुणीच नाही, चेंडू गेला धर्माच्या म्हशीच्या पाठीवर, म्हैस नाबाद! बायका भांडी घासता घासता अंगणात येऊन उभ्या राहायच्या. मग दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा, जिथे सामने तिथून बोलावणं. श्रीवर्धनला असंच कुणी मुंबईच्या रेडिओतलं पाहुणं सामने बघायला आलं होतं, त्याने याला मुंबईला नेलं. कारखान्यात डबे भरणारा माझा पोरगा, रेडिओवाला झाला.

मुंबईतही त्याने तेच केलं. सकाळी लोक कामाला निघाले की रस्त्यांचा हालहवाल सांगायचं काम होतं. ते तो सामन्यासारखं सांगायचा. वाशीच्या पुलावर रिक्षावाला सिग्नल तोडून निघालाय, मागून हवालदार धावतोय, पंचांनी बोट वर केलंय, रिक्षावाला तंबूत परत! रिक्षावाले त्याच्यावर जीव टाकायचे. तुझ्या आईला आठवत असेल, नव्या घरी सामान न्यायला टेम्पोवाल्याने भाडं घेतलं नाही, म्हणाला आवाजावरून ओळखलं. आणि आईच्या नावावर तर काय काय खपवायचा! आमची आई म्हणते, असं सांगून जे मी जन्मात बोलले नाही ते बोलायचा. मी विचारलं तर म्हणायचा, आई, तू बोलली असतीस ना? मग झालं. तो रेडिओ इथे लागायचा नाही, तरी रोज सकाळी मी बदरुद्दीनच्या दुकानात जायचे, तेव्हाही फोनवरच ऐकायचो. हा आपला माणूस, अख्ख्या मुंबईला जागं करतो, या गोष्टीचा गावाला काय गर्व होता! आपली गावकी आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ, दोघांनी मिळून सत्कार केला होता. शाल अजून माझ्याकडे आहे. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, तोही बरोबर नावाचा.

आता ते सांगते ज्याला तुझी आई हात लावू देत नाही.

ते मोठं वादळ आलं तेव्हा टाळेबंदी होती. रेडिओवाले घरून बोलत होते आणि पुष्कळ वेळा आदल्या दिवशीच बोलून भरून ठेवत होते. ऐकणाऱ्याला वाटावं आत्ता बोलतोय. तसा हापिसाचा नियमच होता, भरून ठेवलेलं आहे हे कुणाला सांगायचं नाही. वादळ येणार असं ऐकलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखं येईल नि जाईल. कुलदीपने दुसऱ्या दिवसाचं भरून ठेवलं. त्यात एक गंमत केली. म्हणाला, आमच्या कोकणातल्या माणसाला वाऱ्याचं काय कौतुक! कौलं उडाली तर आमची आई म्हणते, बरं झालं, घरात उजेड आला.

हे भरून ठेवलं आणि मग बातम्या वाढल्या. त्याला राहवेना. मोटारसायकलवर ताडपत्र्या बांधल्या आणि मला बघायला निघाला. पोलिसांनी ठिकठिकाणी अडवलं, पास दाखव, कुठे चाललास. तो वाटेत माणगावच्या पुढे कुठेतरी एका शाळेच्या भिंतीला टेकून बसला होता, वर पत्रे उडत होते, आणि त्याच वेळेला मुंबईत त्याचा आवाज हसत हसत सांगत होता, घरात उजेड आला.

आपल्या घरात खरंच उजेड आला होता. वर आभाळच होतं. मी तांदळाच्या कणगीला मिठी मारून बसले होते. शेजारच्या धर्माचं सगळं छप्पर गेलं. सगुणाची गाय भिंतीखाली मेली. आंबे, सुपाऱ्या, फणस, वर्षानुवर्षांचं सगळं आडवं. कुलदीप दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पोहोचला, रस्त्यात पडलेली झाडं लोकांबरोबर तोडत तोडत. हाताला फोड आले होते. आल्या आल्या मला बघितलं, पाणी प्यायला आणि ताडपत्र्या घेऊन वर चढला. आपल्या घरावर नाही. आधी धर्माच्या, मग सगुणाच्या. शेवटचा तुकडा उरला तो आपल्यावर.

गावात ना वीज, ना फोन. पुष्कळ दिवसांनी फोन सुरू झाले आणि मुंबईच्या मंडळाकडून गावाला पहिली कुठली बातमी आली असेल? कुलदीपची गंमत. गावाची घरं उडत होती तेव्हा हा तुमचा कुलदीप रेडिओवर आईचं नाव घेऊन हसत होता. कुणीतरी ते फोनवर टिपून ठेवलं होतं, ते घरोघरी ऐकवलं.

देवळात बैठक बसली. मी बाहेर पायरीवर होते, बायकांना आत बसवत नाहीत. कुलदीपने हात जोडून सांगितलं, काका, ते आदल्या दिवशी भरलेलं व्हतं, मी तवा रस्त्यावर व्हतो, तुमीच बघितलाव ना मला येताना. तर मंडळाचे सेक्रेटरी फोनवरून म्हणाले, रेडिओवर तर तू बोललास, आत्ता मी तुमच्यासोबत हाय. मग खोटा कुठं बोललास, तिथं का इथं? आणि धर्मा, त्याच्या डोक्यावर माझ्या लेकाने बांधलेली ताडपत्री अजून फडफडत होती, तो धर्मा म्हणाला, असं कर कुलदीप, उद्या रेडिओवरच सांग की ते आदल्या दिवशीचं व्हतं, नि गावाची माफी माग. विषय संपला.

सरळ गोष्ट होती. माझ्या लेकाने हापिसात विचारलं. हापिसाने सांगितलं, भरून ठेवलेलं होतं असं ज्याने तोंडातून काढलं त्याने उद्यापासून येऊ नये. टाळेबंदीत अर्धी माणसं त्यांनी आधीच घरी पाठवली होती. तुझी शाळा, घराचे हप्ते. तो गप्प बसला. रेडिओवर बोलायचा पगार घेणारा माणूस, एका वाक्याला गप्प बसला.

पण गप्प तरी कुठे? दुसऱ्या वाटेने त्याने केलंच. गावाचं नाव न घेता रोज सकाळी सांगायचा, कोकणात घरं उघडी पडलीत, पत्रे पाठवा. लोकांनी पाठवले. ट्रक भरून आले, देवळापुढे उतरवले. गावकीने वाटप केलं. घरटी पत्रे दिले. आपल्या घरापाशी आले आणि पुढे गेले.

तेव्हा कळलं आपल्याला वाळीत टाकलंय. कुणी घरी येऊन सांगत नाही गं, वाळीत टाकलं म्हणून. ते आपल्याला हळूहळू कळायचं असतं. गिरणीवाला म्हणतो, आज पट्टा तुटलाय. लावणीला मी सगळ्यांच्या शेतात राबलेली, माझ्या शेतात कुणी येत नाही. हळदीकुंकवाला आमंत्रण नाही. शिमग्याला देवाची पालखी दारोदार नाचते, मी अंगण सारवून, रांगोळी काढून, खण-नारळ घेऊन उभी. पालखी बांधावरून वळली. देव खांद्यावर असतो, खांदे ज्यांचे तिकडे तो जातो. नारळ मी जहुराला दिला. तिने त्याच्या वड्या करून मलाच परत पाठवल्या.

तुझा बाबा म्हणायचा, आई, पनवेलला आमच्या घरी चल. मी म्हटलं, मी गेले की ते म्हणतील घर सोडून पळाली. दळण बदरुद्दीन बाजारातून करून आणायचा, लावणीला त्याने मोहल्ल्यातली माणसं पाठवली. आणि मी रोज सकाळी दुकानात जाऊन लेकाचं हसणं ऐकायचे. वाशीच्या पुलावर काय चाललंय ते. मी एकटी ओळखायचे की हे हसणं भरून ठेवलेलं आहे.

आणि ज्या हापिसासाठी त्याने हे सगळं गिळलं, त्यांनी काय केलं? एके दिवशी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, आता तरुण पोरं हवीत, आणि बातम्या वाचायला तर माणूसही लागत नाही, कॉम्प्युटर वाचतो. पुढे तो कपड्यांच्या दुकानांच्या सेलला दारात माइक घेऊन उभा राहायचा. हे तुला तुझ्या आईने कधी सांगितलं नसेल. तू विचारायचीस, बाबा कुठल्या रेडिओवर आहेस आता, आणि तो म्हणायचा, मोठ्या रेडिओवर, भोंग्यावर.

शेवटच्या वर्षी सामन्यांच्या दिवसांत तो इथे आला होता. मैदान आपल्या ओटीवरून दिसतं. माइकवर कुठलासा पोरगा होता, चेंडू सुटून जायचा तरी याचं वाक्य संपलेलं नसायचं. कुलदीप खांबाला टेकून बसला होता. मी आतून बघितलं, ओठ हलत होते. जवळ गेले तर तो पुटपुटत होता, चेंडू उंच, अजून उंच, खाली दोघे धावतायत. पुरा सामना त्याने असा सांगितला, ऐकायला मांजर. संध्याकाळी म्हणाला, आई, छातीत भरून आलंय. बदरुद्दीनने त्याच्या गाडीत घातलं. तो वाटेतच गेला.

तुम्ही दोघी आलात. तू बारावीत होतीस. तू विचारलंस, आजी, गावातले लोक कुठे आहेत? तुझी आई म्हणाली, सगळे मुंबईला लग्नाला गेलेत. पोरीच्या मनात विष नको म्हणून ती बोलली, तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण राही, सगळे घरातच होते. दारं लावून. आपण आळीतून गेलो तेव्हा खिडक्यांच्या फटीतून बघत होते. तुझ्या बाबाला खांदा बदरुद्दीनने दिला, मुआजने दिला, मोहल्ल्यातल्या आणखी दोघांनी दिला. लाकडं त्यांच्या वखारीतली. मंतर म्हणायला भटजी मिळाले नाहीत, म्हणून मला आठवेल तेवढं मी म्हटलं. मडकं तू धरलंस.

हे आजच का सांगते? तर गेल्या आठवड्यात धर्मा आला. ओटीवर! एवढ्या वर्षांनी! हातात पेढे. काकी, चहा पाजणार न्हाय का? मी एवढी हरखले, खोटं कशाला सांगू, चुलीवर चहा उतू गेला. म्हणाला, झालं गेलं इसरा काकी, कुलदीप म्हणजे गावाची शान व्हती. यंदाचे सामने त्याच्या नावाने, कुलदीप स्मृती चषक. त्याचा मोठा फोटो मंडपात लावतो, नि राहीला बोलावतो, माइक तिच्या हातात देतो. बापाची गादी पोरीला. मी रडले गं. पदराने फोटो पुसून दिला त्याला. त्याच रात्री तुझा फोन आला, आजी, मला बोलावलंय, मी रजा टाकते! किती नाचत होतीस. मीही नाचले.

जाता जाता धर्मा म्हणाला होता, त्या दिवशी पोलीस साहेब येतील, सहज इचारतील, तर दोन चांगले शब्द बोला. मला वाटलं, साहेब म्हणजे पाहुणे.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली. मागच्या दाराने, डोक्यावर पदर ओढून. तिच्या लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, बाहेरच्या जातीत, म्हणून गावकीने तिलाही वाळीत टाकलंय. पण ती माझ्यासारखी मुकाट नाही बसली. तालुक्याला जाऊन तक्रार दिली. वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे म्हणे. पोलीस चौकशीला येणार, आणि गावकी त्यांना काय दाखवणार? हे बघा साहेब, आमच्यात कुणी वाळीत न्हाय, ही बघा कुलदीपची आई, ही त्याची पोरगी, त्याच्या नावाने चषक ठेवलाय. ती बाई खोटारडी हाय.

राही, माझ्या लेकाचा फोटो त्यांना त्यासाठी हवा आहे. तुझा आवाज त्यासाठी हवा आहे.

सगुणा म्हणाली, काकी, तुमी खरं सांगाल तर माझी तक्रार टिकंल. मी तिला तशीच उभी ठेवली. तुझा बाबा गेला तेव्हा तिच्याही खिडकीला फट होती. आपल्या आधी ज्यांच्यावर ताडपत्री बांधली त्यातलं एक घर तिचं. मी म्हटलं, तवा कुठं गेलीवतीस? ती खाली बसली आणि माझे पाय धरायला लागली. मी पाय मागे घेतले. तिला माफ केलं असं समजू नकोस. चहा दिला, पण काळा दिला, दूध घरात असून.

तर आता मागणं. तू ये. रजा टाकलीस तशी ये, पण मैदानावर जाऊ नकोस. सामन्यांच्या दिवशी सकाळच्या गाडीने थेट तालुक्याला उतर, मी बदरुद्दीनबरोबर पोलीस ठाण्याच्या दारात उभी असेन. माझा जबाब लिहून घेतील. मला लिहिता येतं, पण त्यांचं अक्षर मला लागत नाही, आणि आपल्या घरचं कुणी वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. तू मोठ्याने वाचायचंस. वादळाचं, ताडपत्रीचं, ट्रकचं, पालखीचं, बंद दारांचं. एखादं वाक्य त्यांनी गाळलं असेल तर तिथेच थांबवायचंस त्यांना. तुला नसेल यायचं तर तसं सांग, मी रागावणार नाही. तुझी नोकरी नवी आहे, गाव वाईट आहे. मी तरी जाणार. धर्माला अजून काही बोलले नाही. तो कालच सांगून गेला, काकी, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय, कपडा घालून. राहू दे रिकामी. साहेबांना दिसेल.

तुझीच,
वाट बघणारी आजी